कंबरदुखी, पाळी जाण्याचा काळ आणि पिलाटेस: फायदा नेमका कुठे होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, ठाण्यात बँकेत नोकरी, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दोन वर्षांपासून कंबर दुखते आणि एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगणे) असे आले आहे. पाळी अनियमित झाली आहे, जोरात शिंक आली की थोडी लघवी होते. मैत्रीण म्हणते पिलाटेस (चटईवर किंवा यंत्रावर सावकाश, ताब्यात ठेवून करायचा व्यायामप्रकार) लाव, वजन उतरेल, अंग लांबसडक दिसेल, कंबर कायमची बरी होईल. घरी योगासनांची सवय आहे, मग पैसे घालून हे वेगळे कशाला? करायचेच तर चटईवर की त्या रिफॉर्मर यंत्रावर? आणि आईचे वय ७२, अलीकडे तिची उंची कमी झाल्यासारखी वाटते, तिलाही सोबत नेले तर चालेल का?

ताई, तुमच्या मैत्रिणीने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी कंबरेची बरीचशी खरी आहे, वजनाची फारशी नाही आणि लांबसडक होण्याची अजिबात नाही. तिने न सांगितलेली एक गोष्ट मात्र तुमच्या आईंसाठी फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

आधी त्या एमआरआयची भीती काढू. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणारे निम्मे लोक रिपोर्टची घडी पर्समध्ये ठेवून येतात आणि वाकायलाच घाबरतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज सापडला. म्हणजे तुमच्या वयाच्या, धडधाकट चालणाऱ्या-फिरणाऱ्या निम्म्याहून अधिक मंडळींचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल. बल्ज आहे म्हणून कंबर दुखते, असे सरळ गणित मांडता येत नाही. मात्र पायात जोर कमी वाटणे, पाऊल घसटणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचाची जाणीवच जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांतले काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. शिंकताना थेंबभर लघवी होणे हा त्यातला प्रकार नव्हे, पण तपासणीत तेही मोकळेपणाने सांगा. बायका हे सांगतच नाहीत.

आता कंबरेचे. कॉक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी संस्था. तिने २०१५ मध्ये कंबरदुखी आणि पिलाटेस यांवरच्या १० चाचण्या तपासल्या, एकूण ५१० रुग्ण. निष्कर्ष असा की काहीच न करणे किंवा नुसती माहितीपत्रिका वाचणे यापेक्षा पिलाटेसने दुखणे आणि रोजच्या कामातली अडचण दोन्ही कमी होतात, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यानंतर कंबरेच्या व्यायामांवरच्या बऱ्याच जास्त चाचण्यांची एकमेकींशी तुलना झाली, तेव्हा पिलाटेस वरच्या रांगेत आले. मला दोन्ही निकाल एकत्र वाचावेसे वाटतात: हा चांगला पर्याय आहे, एकमेव नव्हे. तुम्हाला पोहायला आवडत असेल आणि पिलाटेसचा कंटाळा येत असेल, तर पोहा. जो व्यायाम पुढच्या दिवाळीतही चालू असेल तोच कंबरेला उपयोगी.

हा फायदा होतो कसा, यावर जरा थांबते, कारण इथे बरेच गैरसमज शिकवले जातात. पोटाच्या सर्वांत आतला, कमरपट्ट्यासारखा आडवा जाणारा एक स्नायू असतो, ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या क्षणभर आधीच हा स्नायू आवळतो; कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा आवळतो. संशोधन सुंदर होते. त्यातून पुढे ‘कोअर’ची, म्हणजे पोट-कंबरेच्या आतल्या स्नायूंची, लाट आली आणि वर्गावर्गांत ‘बेंबी पाठीला चिकटवा’ ही घोषणा सुरू झाली. काही जणी तर दिवसभर, भाजी निवडतानाही पोट आत ओढून बसतात. असे करू नका. आधीच घाबरून ताठरलेल्या कंबरेला आणखी आवळून धरण्याने श्वास उथळ होतो, पेल्विक फ्लोअरवर (ओटीपोटाच्या तळाशी, लघवीची जागा सावरून धरणाऱ्या स्नायूंवर) दाब वाढतो आणि कंबर थकते. तो स्नायू उशिरा आवळतो हेच दुखण्याचे कारण आहे, असेही सिद्ध झालेले नाही.

माझ्या अनुभवात कंबर सुधारते ती दुसऱ्याच कारणांनी. पिलाटेसमध्ये हालचाल सावकाश होते, झोपून सुरू होते, श्वासाबरोबर होते आणि पायरीपायरीने अवघड होत जाते. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, नुसते कमरेखालचे हाड पुढे-मागे कलवायचे, इथपासून सुरुवात. पुढच्या आठवड्यात तोच कणा एकेक मणका सुटा करत वर उचलायचा आणि तसाच खाली आणायचा. आपल्या सेतुबंधासनाच्या जवळचे, पण इथे वर थांबण्यापेक्षा जाण्या-येण्याला महत्त्व. मग एक पाय उचलून, कंबर न हलवता. दोन वर्षे न वाकलेल्या बाईला दीड महिन्यात कळते की वाकल्याने काही तुटत नाही. दुखण्याची भीती उतरली की दुखणे उतरू लागते. खुब्याच्या बाजूचे, नितंबाचे, पाठीलगतचे स्नायू बळकट होतात तो फायदा आहेच. पण तो नंतर येतो, भीती आधी जाते.

नऊ तासांच्या खुर्चीचे काय, तर ते पिलाटेसने पुसले जात नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोनवर उभ्याने बोला, जेवणानंतर दहा मिनिटे चाला.

या पद्धतीचा उगम माहीत असला की आजच्या वर्गांत काय चुकते ते लवकर उमगते. जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ चा, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखचा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी ग्रासलेला हा मुलगा व्यायामाने स्वतःला घडवत गेला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन म्हणून त्यांना आयल ऑफ मॅन बेटावरच्या नजरकैदेच्या छावणीत ठेवले गेले आणि तिथे त्यांनी सोबत्यांना जमिनीवरचे व्यायाम शिकवले. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासोबत एट्थ ॲव्हेन्यूवर स्टुडिओ चालवू लागले. जवळपास नृत्यशाळा होत्या, त्यामुळे दुखापत झालेले नर्तक तिथे येऊ लागले. बॅले बसवणारे जॉर्ज बालनशीन आपल्या नर्तकांना त्यांच्याकडे धाडत. १९४५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत आणि पद्धतीला त्यांनी स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हटले आहे. या ३४ पैकी कितीतरी व्यायाम पाठीचा गोल करून पुढे वाकण्याचे किंवा लोळण्याचे आहेत. तरुण, लवचीक नर्तकाला ते मानवतात. ४७ वर्षांच्या, कंबर धरलेल्या बाईला पहिल्याच दिवशी मानवत नाहीत. ‘हंड्रेड’ नावाचा प्रसिद्ध व्यायाम घ्या: डोके-खांदे वर, पाय हवेत, हात वरखाली करत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे दहा श्वास. जुन्या क्रमात तो अगदी पहिला येतो. मी कंबरेच्या रुग्णाला तो दुसऱ्या महिन्याआधी देत नाही, आणि मान दुखत असेल तर डोके उशीवर ठेवूनच देते. एखादी शिक्षिका पहिल्याच दिवशी सगळ्यांना हंड्रेड करायला लावत असेल, तर ती तुम्हाला पाहत नाहीये, यादी पाहतेय.

लघवीच्या तक्रारीबद्दल. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवी होणे याचा पहिला उपचार पेल्विक फ्लोअरच्या स्नायूंचा व्यायाम हाच आहे. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की तो जाणकाराच्या देखरेखीखाली निदान ३ महिने करावा, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ वेळा आवळून. पिलाटेस याची जागा घेत नाही. पण दोघांची जोडी छान जमते, कारण पिलाटेसमध्ये श्वास सोडताना जोर लावायची सवय लागते. श्वास सोडताना पेल्विक फ्लोअर वर उचलला जातो. श्वास कोंडून जोर केला की तो खाली ढकलला जातो. बादली उचलताना, गॅस सिलिंडर सरकवताना, नातवंडाला कडेवर घेताना हाच हिशोब. तुम्हाला स्नायू नेमका कुठला हेच कळत नसेल (पुष्कळ जणींना कळत नाही, वायू रोखताना आवळतो तो भाग धरा), तर एकदा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. काही जणींचा स्नायू सैल नसतो, उलट कायम आवळलेला असतो, आणि त्यांना आणखी आवळायला सांगणे म्हणजे त्रास वाढवणे. ३ महिन्यांत फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वजनाचे चटकन सांगते. चटईवरच्या पिलाटेसची तीव्रता साधारण ३ मेट, म्हणजे स्वस्थ बसलेले असताना लागते त्याच्या तिप्पट ऊर्जा. ६५ किलो वजनाच्या बाईच्या तासाभरात जेमतेम २०० कॅलरी, आणि त्यातल्या ६५ तर नुसत्या बसूनही खर्च झाल्या असत्या. एका वडापावात याहून जास्त असतात. वजन उतरवायचे तर ताटाकडे पाहावे लागेल, आणि हृदयासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे झपाझप चालणे वेगळे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत तेवढे आहे, शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायू बळकट करणारा व्यायाम. पिलाटेस या दुसऱ्या खात्यात थोडेफार जमा होते, पहिल्यात जवळपास नाही. आणि स्नायू लांब होण्याचे म्हणाल, तर स्नायू हाडाला जिथे चिकटलेला आहे ती जागा कुठल्याच व्यायामाने हलत नाही. खांदे उघडतात, पोक कमी होतो, माणूस ताठ उभा राहतो, म्हणून उंच दिसतो. तेही काही कमी नाही, पण त्याला तेच म्हणावे.

झोप, चिडचिड, थकवा यांवर पिलाटेसचा चांगला परिणाम दिसल्याचे अभ्यास आहेत. पाळी जाण्याच्या काळात तुम्हाला तो जाणवेलही. त्यातला किती वाटा पिलाटेसचा आणि किती आठवड्यातून दोनदा घरच्या धबडग्यातून तासभर सुटण्याचा, हे मला विचाराल तर मी दोन्हींना सारखेच मार्क देईन.

योग असताना हे कशाला? तुमची आसने नीट चालू असतील, कंबरेला बरे वाटत असेल, तर खरोखर गरज नाही. फरक एवढाच की आसनात आपण बहुधा एका स्थितीत स्थिरावतो, तर पिलाटेसमध्ये छोटी हालचाल आठ-दहा वेळा ताब्यात ठेवून करतो आणि तिचे सोपे-अवघड रूप सहज बदलता येते. दुखऱ्या कंबरेला ही मोजून देता येणारी मात्रा उपयोगी पडते. भुजंगासन आणि पिलाटेसचे ‘स्वान’ शेजारी ठेवून पाहा, नातेवाईक वाटतील. योगवर्गात जोर लावून पश्चिमोत्तानासन करून कंबर आणखी दुखावलेल्या बायका मी पाहते, तशाच पिलाटेसच्या वर्गात ‘रोल अप’ (पाठीवर झोपून, पाठ गोल करत उठून पुढे वाकणे) करून दुखावलेल्याही. दोष बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या घाईचा असतो.

रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगांवर मागे-पुढे सरकणारी गादी. जाहिरातीत ते श्रीमंतांचे यंत्र वाटते, पण त्याचा खरा उपयोग दुबळ्या माणसाला आहे. स्प्रिंग विरोध करते तशी आधारही देते. पाय पट्ट्यांत अडकवून गोल फिरवायचे असतील तर जड स्प्रिंग पाय उचलून धरते आणि काम हलके होते; पाय दांडीवर ठेवून गादी ढकलायची असेल तर तीच जड स्प्रिंग काम वाढवते. गुडघे दुखणाऱ्या, जमिनीवर बसता-उठता न येणाऱ्या किंवा शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या माणसाला यंत्राचे पैसे वसूल होतात. तुम्ही जमिनीवर सहज बसत-उठत असाल तर चटईवरच सुरू करा आणि उरलेल्या पैशांत सुरुवातीची चार-पाच सत्रे एकट्याने, वैयक्तिक घ्या. त्याने जास्त फायदा होईल. चटई मात्र योगाच्या पातळ चटईपेक्षा जाड हवी, नाहीतर माकडहाड आणि मणके टोचतात. घरात असेल तर सतरंजीवर घडी घातलेली गोधडीही चालते.

आठवड्यातून दोनदा वर्ग आणि एकदा घरी वीस मिनिटे, एवढे पुरते. फरक कळायला सहा ते आठ आठवडे द्या. व्यायामानंतर स्नायू दुखणे दोन दिवसांत ओसरायला हवे. कळ पायात खाली उतरू लागली किंवा मुंग्या येऊ लागल्या तर तो व्यायाम तिथेच थांबवून शिक्षिकेला सांगा. कंबर बरी झाल्यावर मात्र थांबू नका, आणि फक्त पिलाटेसवरही थांबू नका. वजने उचलायला शिका. का, ते आता हाडांच्या निमित्ताने सांगते.

हाड ताणाला प्रतिसाद देते. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते, आणि झोपून केलेल्या हलक्या व्यायामाने ती भरून येत नाही. क्वीन्सलँडमध्येच ‘लिफ्टमोर’ नावाची एक चाचणी झाली, २०१८ मध्ये तिचे निकाल आले. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उड्यांसारखे धक्क्याचे व्यायाम केले. उरलेल्यांनी घरी हलका व्यायाम केला. ८ महिन्यांनी पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्यात १.२ टक्के घटली. तुमच्यासाठी पिलाटेस हा या वजनांपर्यंत नेणारा जिना आहे असे धरा. सहा महिन्यांनी तुम्ही पाठ सांभाळून जमिनीवरून वजन उचलू शकाल, हे ध्येय ठेवा.

आणि आता आई. वयाच्या ७२ व्या वर्षी उंची कमी झाल्यासारखी वाटणे ही ‘वयामुळे’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर कमी भरत असेल तर पाठीचा एखादा मणका न कळत चेपला गेला असण्याची शक्यता असते. अशा अस्थिभंगात पुष्कळदा फारसे दुखतही नाही. आणि अशा कण्याला पिलाटेसमधले सर्वांत लोकप्रिय व्यायाम घातक ठरू शकतात. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आम्हा फिजिओथेरपिस्टांना पाठच असतो. मणक्यांचा ठिसूळपणा असलेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यात ८९ टक्के जणींना नवे मणके चेपल्याचे आढळले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के. गट लहान होते, तरी दिशा स्पष्ट आहे. रोल अप, चेंडूसारखे लोळणे, बसून पुढे झुकून पाठ गोल करणे, कंबरेतून पिळून वाकणे हे आईंसाठी नको. ‘सिट-अप्स’ तर नकोच.

मग त्यांना करायला उरते काय? बरेच. पालथे झोपून, पोटाखाली उशी घेऊन, छाती हलकी उचलणे. हात-गुडघ्यांवर येऊन, पाठ सरळ ठेवून, विरुद्ध हात-पाय लांब करणे. गुडघे दुखत असतील तर हेच ओट्याला धरून उभ्याने. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे. भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवणे. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे. एका पायावर उभे राहणे, ओटा हाताशी ठेवून. तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम केल्याने वृद्धांचे पडणे जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते, हे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. ठिसूळ हाडाच्या माणसाला न पडणे हाच मोठा उपचार. पिलाटेसने तोल सुधारतो असे वृद्धांवरच्या अभ्यासांत दिसते. पण त्यांना तुमच्या वर्गात, पंधरा जणींच्या रांगेत, एकाच सूचनेवर उभे करू नका.

शिक्षिका निवडताना एक लक्षात ठेवा. पिलाटेस या नावावर कोणाचा हक्क नाही. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने ते सर्वसामान्य नाव ठरवले, आणि आपल्याकडेही ते शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. चार दिवसांचा कोर्स केलेल्याच्या आणि दहा वर्षे शिकवणाऱ्याच्या पाटीवर एकच शब्द असतो. म्हणून फोनवरच विचारा: “आईची हाडे ठिसूळ असतील तर तुम्ही कुठले व्यायाम वगळाल?” रोल अप आणि लोळण्याचे व्यायाम वगळू, असे उत्तर आपणहून आले तर तिथे जा. “काही होत नाही, सगळे सगळ्यांना चालते” असे आले तर फोन ठेवा.

त्याआधी आईंची उंची भिंतीशी उभे करून मोजा, त्यांच्या डॉक्टरांना सांगून डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आणि पाठीचा एक्स-रे करून घ्या. डेक्सामधला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर औषधाचा निर्णय डॉक्टर घेतील. आईंच्या वर्गाची फी हे रिपोर्ट हातात आल्यावरच भरा. तुमची या आठवड्यात भरायला हरकत नाही.